औषधाशिवाय बाळंतपण ठरवलंय, पण कळांची भीती जात नाही

चौतिसावा आठवडा:

नमस्कार. पहिलंच बाळंतपण, चौतिसावा आठवडा चालू आहे. बाळाचं डोकं खाली, रक्तदाब-साखर-हिमोग्लोबिन ठीक, डॉक्टर नॉर्मलची वाट बघू म्हणतात. हॉस्पिटलमध्येच होणार. फक्त एपिड्यूरल (पाठीतून देतात ती दुखणं बधिर करणारी भूल) किंवा गुंगीचं इंजेक्शन नको, असं माझं मीच ठरवलंय. कुणाचा आग्रह नाही आणि कुणाला काही दाखवूनही द्यायचं नाही. चालता-फिरता यावं, जोर कधी लावायचा ते आपलं आपल्याला कळावं, एवढंच.

अडचण अशी की ठरवल्यापासून भीती उलट वाढलीय. दिवसा वाचते तेव्हा सगळं पटतं. रात्री जाग आली की एकच वाक्य डोक्यात फिरतं, "नाहीच सहन झालं तर?" कुणाला सांगावं तर "सगळ्याच बायका करतात" किंवा "बाळाचं तोंड बघितलंस की विसरशील". मला नंतरचं नकोय हो, आधीचं हवंय.

१. दुखतं म्हणजे नक्की कुठे, किती वेळ, आणि सगळ्यात जास्त कधी?
२. उरलेल्या आठवड्यांत रोज करता येईल असं काय आहे?
३. नवरा बरोबर असेल. त्याने हातांनी नेमकं काय करायचं?
४. ऐनवेळी वाटलं की आता औषध द्या, तर?

"सकारात्मक राहा" सोडून काहीही चालेल.

लेबररूम रात्रपाळी:

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शब्दातच आहे. आपण "कळ" म्हणत नाही, "कळा" म्हणतो. दाढ ठणकते तेव्हा सलग ठणकते. कळ येते, चढते, टोकाला जाते, उतरते आणि मग खरोखर जाते. मध्ये पोट मऊ पडतं, बोलता येतं, कित्येक जणी तेवढ्यात डुलकी काढतात.

हिशोबच मांडा. कळा चांगल्या लागल्या की दहा मिनिटांत साधारण तीन येतात, प्रत्येक ४५ ते ६० सेकंदांची. म्हणजे तासाला अठरा कळा. प्रत्येक पूर्ण मिनिटाची धरली तरी अठरा मिनिटं दुखलं आणि बेचाळीस मिनिटं नाही. त्या एका मिनिटातही चढण आणि उतरण सोडली तर टोक असतं वीसेक सेकंदांचं. शेवटी शेवटी हा हिशोब बिघडतो, तो मुद्दा खाली येतोच.

कुठे दुखतं हे कोणता टप्पा चालू आहे त्यावर ठरतं. पहिल्या टप्प्यात गर्भपिशवीचं तोंड आणि तिचा खालचा भाग ताणला जातो. तिथल्या संवेदना ज्या नसांवाटे पाठीच्या कण्यात जातात, त्याच पातळीवर ओटीपोटाच्या आणि कमरेच्या कातडीच्या नसाही येऊन मिळतात. म्हणून तोंड उघडत असतं आत, आणि दुखते कंबर, कधी मांड्या. हे दुखणं पसरट, पिळवटणारं असतं, बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात बाळ खाली सरकतं तेव्हा प्रकारच बदलतो. आता योनीमार्ग आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. शौचाला लागल्यासारखा प्रचंड दाब, आणि डोकं बाहेर येताना कातडीची आग. ही आग टोकदार असते, पण काही मिनिटांचीच. कित्येक जणींना जोर लावायचा टप्पा आधीच्यापेक्षा बरा वाटतो, कारण काहीतरी करता येतं.

किती वेळ? तोंड ५ सेंमी उघडेपर्यंतचा काळ कुणाचा चार तासांचा, कुणाचा दीड दिवसाचाही. त्याला ठरलेली मर्यादा नाही, आणि तो नॉर्मलच धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ५ सेंमीपासून पुढचा काळ "सक्रिय" मानला. पहिलटकरणीचा हा काळ सहसा बारा तासांच्या आत संपतो, आणि जोर लावायचा टप्पा तीन तासांच्या आत. लेबर रूममध्ये "दोन बोटं उघडलंय" असं कानावर पडलं तर ते ढोबळ ३-४ सेंमी समजा, आणि त्यावरून घड्याळ लावून बसू नका. दोन बोटांवर सहा तास आणि तिथून पुढे दोन तासांत बाळ, हेही होतं.

आता सगळ्यात कठीण भाग. ८ ते १० सेंमी. कळा दहा मिनिटांत चार-पाच, प्रत्येक ६० ते ९० सेकंदांची, मधली उसंत जेमतेम मिनिटाची. पाय थडथडतात, उलटी होते, आत्ता थंडी तर आत्ता घाम. आणि नेमकं इथेच तोंडातून निघतं, "मला नाही जमणार, मला घरी जायचंय." तुमचं रात्रीचं वाक्य बहुतेक इथेच येणार आहे, तेव्हा त्याची ओळख आत्ताच करून घ्या. सिस्टरला हे वाक्य ऐकू आलं की ती हातमोजे शोधायला लागते, कारण बाळ जवळ आल्याची ती खूण असू शकते. हा भाग बहुतेकींचा अर्ध्या-पाऊण तासाचा, काहींचा दोन तासांपर्यंतचा.

भीतीने दुखणं वाढतं, यात तथ्य आहे. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात भीती, ताण, वेदना असं चक्र मांडलं. भीतीने खांदे, जबडा, तळाचे स्नायू आवळतात. त्यात अॅड्रेनलिन गर्भपिशवीचं आकुंचन मंदावतं, म्हणून घरी पाच-पाच मिनिटांनी येणाऱ्या कळा हॉस्पिटलच्या दारात विरळ होतात आणि तासाभराने परत लागतात. पण "भीती गेली की दुखतच नाही" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दुखतं.

एक शेवटचं. जी वेदना मध्ये सुटतच नाही, पोट लाकडासारखं कडकच राहतं, रक्त जातं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फुटायला आलंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, यातलं काहीही झालं तर श्वास मोजत बसायचं नाही. लगेच निघायचं.

प्रसूतीपूर्व व्यायाम:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तयारी अख्ख्या बाळंतपणाची करायला गेलं की माणूस घाबरतोच. एका कळेची करा. साठ सेकंद. तेवढी घरी होते.

आधी श्वास. नाकाने चार मोजत आत, तोंडाने सहा मोजत बाहेर, ओठ सैल. हा झाला दहा सेकंदांचा एक श्वास. सहा श्वास म्हणजे एक कळ. तिसरा आणि चौथा श्वास टोकावरचे, पाचव्यापासून उतार. लेबर रूममध्ये नेमकी हीच मोजणी उपयोगी पडते. घड्याळाकडे न बघता "हा चौथा" एवढं कळलं तरी धीर येतो. कळ लांबली तर आठ श्वास, फरक एवढाच. रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी पाच "कळा", मध्ये दोन-दोन मिनिटं सोडून. कुशीवर, उभ्याने भिंतीला टेकून, खुर्चीवर उलटं बसून, वेगवेगळ्या बैठकीत करा. फक्त झोपून केलेला सराव उभ्याने आठवत नाही.

चूक कुठे होते? आत घ्यायच्या श्वासावर भर दिला जातो. कळेत भरभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना-ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. मग आणखी घाबरायला होतं. मुंग्या आल्या तर ओंजळ नाकातोंडापुढे धरून सावकाश श्वास सोडायचा. लक्ष कायम बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे. आत घ्यायचं शरीर आपोआप बघतं.

दहा दिवसांनी बर्फ आणा. एक-दोन खडे मुठीत धरायचे, टायमर ६० सेकंदांचा. पहिल्या फेरीत काहीच युक्ती करायची नाही, फक्त स्वतःला बघायचं. जवळजवळ प्रत्येकीचं एकच होतं. दहाव्या सेकंदाला खांदे कानांकडे सरकतात, जबडा आवळला जातो, श्वास अडकतो आणि नजर टायमरवर. सराव ह्या दहाव्या सेकंदाचा आहे. बर्फाचं दुखणं कळेसारखं नसतंच, पण शरीर आवळायची सवय दोन्हीकडे तीच. दोन मिनिटं थांबून दुसरी फेरी लांब श्वासावर. तिसरी खालच्या सुरात "ऊं" किंवा "आ" असा आवाज काढत. वरच्या पट्टीत किंचाळलं की गळा आणि तळाचे स्नायू दोन्ही आवळतात, घोगऱ्या आवाजात जबडा सैल राहतो. चौथी, कुणीतरी पाठीवर हात फिरवत. पाचवी, दुसऱ्या हातात कंगवा धरून, दात बोटांच्या मुळाशी तळव्यावर दाबत. कशाने मिनिट लहान वाटलं ते लिहून ठेवा आणि त्यातल्या दोनच गोष्टी पक्क्या करा. साठ सेकंदांच्या पुढे जाऊ नका. थंडीने बोटं पांढरी पडत असतील तर बर्फ सोडून द्या, त्याऐवजी भिंतीला पाठ लावून अर्धवट बसायचं. मांड्या पेटतात, काम भागतं.

कंगवा ऐकून हसू येईल, पण त्यामागे विचार आहे. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्श, दाब यांच्या संवेदना कण्यातच वेदनेच्या वाटेत दार आडवं लावतात. कुठे आपटलं की आपण चोळतो ते उगाच नाही. मात्र एकाच स्पर्शाला मेंदू सरावतो. म्हणून वीस-तीस मिनिटांनी प्रकार बदलायचा. गरम पिशवी, मग गार घडी, मग दाब. गरम पिशवी टॉवेलात गुंडाळूनच, कळेत भाजलेलं कळत नाही.

चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या भागाचा मसाजही सुरू करता येतो. नखं कापलेली, हात धुतलेले, साधं वास नसलेलं तेल. अंगठा तीन-चार सेंमी आत, खाली गुदद्वाराच्या दिशेने आणि मग बाजूंना, घड्याळातल्या तीनपासून सहावरून नऊपर्यंत. जिथे चुरचुरतं तिथे मिनिटभर दाब धरून ठेवायचा आणि त्या चुरचुरीत लांब श्वास सोडायचा. एकूण पाच मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा पुरे, रोज करून जास्त फायदा दिसलेला नाही. पहिलटकरणींमध्ये टाक्यांचं प्रमाण यामुळे थोडं कमी होतं. पण तुमच्यासाठी मोठा फायदा हा की ताणाची आग ओळखीची होते. जंतुसंसर्ग असेल, पाणी गेलं असेल किंवा वार खाली असेल तर करायचा नाही.

सोबतीचा माणूस:

तिसरा प्रश्न माझा. नवऱ्याला "धीर दे" सांगितलं की तो बडबडतो. त्याला कामं द्या.

पहिलं काम कमरेवरचा दाब. पाठीच्या शेवटी, दोन खळ्यांच्या मध्ये सपाट हाड आहे. तिथे तळहाताची टाच ठेवायची, मनगट सरळ, कोपर ताठ, आणि दंडाच्या जोराऐवजी अंगाचा भार टाकायचा. किती? त्याला "एवढा जोर लागेल?" वाटेल त्याच्या दुप्पट. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कंबर विशेष दुखते, तेव्हा हा दाब फार कामी येतो. बाळ खाली सरकेल तसा हातही खाली न्यावा लागतो, म्हणून दर काही कळांनी एका शब्दात विचारायचं, "वर? खाली?" ती हाताने खूण करेल.

दुसरं काम दोन्ही बाजूंनी दाबणं. तुम्ही पलंगावर किंवा उशांच्या ढिगावर पुढे झुकलेल्या, तो मागे उभा. बहुतेक जण हात कमरेच्या हाडावर ठेवतात, ते चुकीचं, नुसतं हाड दुखतं. तळवे त्याखाली, नितंबांच्या बाहेरच्या मांसल भागावर. कोपरं बाहेर, आणि दोन्ही तळवे एकमेकांकडे व किंचित वर, जणू जाड पुस्तक मिटतोय. कळ सुरू होताक्षणी दाबायला लागायचं. टोकाला पोहोचल्यावर सुरुवात केली तर ती ओरडणारच. सोडताना हळूहळू. दहा कळांत हात भरून येतात, दुसरं माणूस असेल तर आलटून पालटून. हे छत्तिसाव्या आठवड्यापासून रोज पाच वेळा करून बघा. लेबर रूममध्ये जागा शोधत बसायला वेळ नसतो.

नुसतं चोळत राहू नका. अर्ध्या तासाने कातडी हुळहुळते आणि मग स्पर्शच नकोसा होतो. शेवटच्या टप्प्यात तिने हात झटकून टाकला तर वाईट वाटून न घेता तिला दिसेल असं समोर बसायचं.

बाकी बारीकसारीक. कळ चालू असताना प्रश्न विचारायचा नाही, सिस्टरने विचारला तर "एक मिनिट" म्हणायचं. कळ उतरली की पाण्याचा घोट. दर दोन तासांनी लघवीला न्यायचं, भरलेली पिशवी बाळाच्या वाटेत येते आणि दुखणंही वाढवते. तिला स्वतःला ते कळत नाही. खांद्यावर हलकेच दोन बोटं ठेवायची, म्हणजे "खांदे सोड". "रिलॅक्स" हा शब्द घरीच ठेवून जायचा.

सोबत ही शोभेची गोष्ट नाही, बरं का. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासते), पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या चाचण्यांत, सतत सोबत असणाऱ्यांत वेदनाशामक औषधं कमी लागली, सिझर कमी झाली आणि कळांचा काळही थोडा कमी झाला. शब्द "सतत" आहे. फोन घ्यायला बाहेर गेलेला सोबती त्यात धरलेला नाही.

मनाचं पान:

भीतीबद्दल थोडं, कारण ती एकच गोष्ट नसते. कागद घ्या आणि "मला भीती वाटते की..." हे वाक्य दहा वेळा वेगवेगळं पुरं करा. दुखण्याची भीती, ताबा सुटून लोकांसमोर ओरडण्याची भीती, कातर-टाक्यांची भीती, बाळाला काही होईल ही भीती, अनोळखी माणसाने न विचारता हात लावण्याची भीती. पहिलीला श्वास आणि बर्फ लागू पडतात. कातर आणि स्पर्शाच्या भीतीवर श्वास फुकट. ती डॉक्टरांशी आधी बोलूनच कमी होते. ओरडण्याच्या भीतीला उत्तर इतकंच की लेबर रूममध्ये कुणी त्याची नोंद ठेवत नाही.

रात्री दोन वाजता हा कागद करू नका. दुपारी करा, आणि रात्री तेच वाक्य आलं की "कागदावर आहे" म्हणून कूस बदला.

आणि एक सीमारेषा. बाळंतपणाच्या भीतीला टोकोफोबिया असं नाव आहे, ती मोजायची प्रश्नावलीही स्वीडनमध्ये तयार झाली: ३३ प्रश्न, गुण ० ते १६५, ८५ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र भीती. झोप आठवडाभर उडाली आहे, छातीत धडधडून घाम फुटतो, तपासणीच्या तारखा टाळल्या जातात, पूर्वीचा एखादा वाईट प्रसंग परत परत डोळ्यांपुढे येतो, असं असेल तर हा धागा पुरेसा नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगून समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ मागा. सहा आठवड्यांत बरंच काम होतं.

चौतिसावा आठवडा:

बर्फ आजच करून पाहिला. दहावा सेकंद, खांदे कानांत, अगदी तसंच! घोगरा आवाज चालला, कंगवा नाही.

आता अवघड प्रश्न. आमच्या हॉस्पिटलमध्ये आल्या आल्या सलाईन लावतात, पोटावर बाळाचे ठोके मोजायचा पट्टा बांधतात आणि आडवं झोपवतात असं कळलं. मग चालणं-झुकणं कसं जमायचं? कळा वाढवायचं ड्रिप लावलं तर जास्त दुखतं हे खरं का? आणि चौथा प्रश्न राहिलाच.

लेबररूम रात्रपाळी:

हे सगळं पुढच्या तपासणीतच विचारायचं, कळा लागल्यावर नाही. आणि प्रश्न "मला चालू द्याल का?" असा विचारू नका, त्याचं उत्तर "बघू" येतं. नेमकं विचारा.

पट्ट्याचं: धोका कमी असेल तर ठोके सलग बघायची गरज नसते. सक्रिय कळांत दर १५ ते ३० मिनिटांनी कळ उतरल्यावर मिनिटभर, आणि जोर लावताना दर पाच मिनिटांनी ऐकले तरी चालतात. सुरुवातीला वीस मिनिटं पट्टा लावून मग काढता येईल का, हे विचारा. नाहीच म्हणाले तर पट्ट्यासकट उभं राहता येतं, वायर दीड-दोन मीटरची असते. पलंगाशेजारी उभं राहून झुकायला तेवढी बास.

सलाईनचं: हाताला इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी) लावून, टोपण बंद करून बाटली काढून ठेवता येते. शीर तयार राहते आणि खांबाला बांधून घ्यावं लागत नाही. यावर फारसं कुणी हुज्जत घालत नाही.

झोपण्याचं: पाठीवर सरळ आडवं पडलं की गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, तुम्हाला गरगरतं आणि बाळाचे ठोके उतरू शकतात. आडवंच व्हायचं तर कुशीवर. उभ्या-बसत्या स्थितीत पहिला टप्पा सरासरी तासाभराहून जास्त कमी होतो. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात तो आकडा १ तास २२ मिनिटं होता. आतून तपासणी सक्रिय कळांत साधारण चार तासांनी पुरते, तेवढ्यापुरतं झोपायचं आणि उठायचं.

घरून कधी निघायचं, तेही विचारा. पहिलटकरणीला सहसा सांगतात: पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभराच्या, तासभर सलग येत असतील तर. हॉस्पिटल लांब असेल, पाणी गेलं असेल तर आधीच.

ड्रिपबद्दल खरं तेच सांगते. हो, अवघड जातं. आपोआपच्या कळा तासातासाने वाढतात, शरीर सरावतं. ऑक्सिटोसिनच्या ड्रिपचा डोस साधारण अर्ध्या तासाने वाढवतात, चढण उभी होते. शिवाय तेव्हा पट्टा सलग लागतो, तो वाद घालू नका. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा आल्या तर ड्रिप कमी करायचं असतं. सोबत्याने मोजत राहावं आणि सिस्टरला सांगावं. कळा नीट लागल्यावर "आता कमी किंवा बंद करून बघायचं का?" हेही विचारता येतं. ड्रिप लागलं म्हणजे बेत बदलला असं धरा आणि एपिड्यूरलचा विचार नव्याने करा. त्यात हार कसली?

यावरून चौथा प्रश्न. औषध मागायचा एक शब्द घरीच ठरवा, रोजच्या बोलण्यात न येणारा. म्हणजे "मेले, नाही सहन होत" असं शंभर वेळा म्हणता येतं आणि सोबत्याला कळतं की हे नुसतं बोलणं आहे. तो शब्द उच्चारला की मात्र त्याने समजूत घालायची नाही. क्रम असा: लघवी, बैठक बदल, तीन कळा, मग तपासणी. ९ सेंमी असेल तर बाळ बहुधा औषधाच्या आधी येईल. ४ सेंमीवर थकून गेला असाल तर उत्तर वेगळं. तीन कळांनंतरही शब्द तोच असेल तर औषध मागवायचं.

त्यासाठी आधी माहीत हवं की तिथे काय मिळतं. भूलतज्ज्ञ रात्री असतात का? एपिड्यूरल लावायला दहा-पंधरा मिनिटं, लागू पडायला आणखी वीसेक मिनिटं, आणि लावताना कळेतही स्थिर बसावं लागतं. पेथिडीनसारखं गुंगी आणणारं वेदनाशामक इंजेक्शन जन्माच्या जवळ दिलं तर बाळ सुस्त राहू शकतं, श्वासही मंदावू शकतो. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे असा हुंगायचा वायू असेल तर मधला पर्याय बरा: मास्क स्वतःच धरायचा, कळेच्या पहिल्या चाहुलीला सुरू करायचा, कारण असर यायला अर्धं मिनिट जातं. टोकावर सुरू केला तर वेदना ओसरल्यावर नशा चढते. कंबरच फार दुखत असेल तर खालच्या पाठीत चार जागी, कातडीतच, ०.१ मिलि निर्जंतुक पाणी टोचतात. औषध नसतंच त्यात. अर्धं मिनिट गांधील चावल्यासारखी आग, मग तास-दोन तास कंबर हलकी. सगळीकडे करत नाहीत, विचारून ठेवा.

मनाचं पान:

वरच्या "हार कसली" ला माझंही अनुमोदन. फक्त तो शब्द कागदावर लिहून सिस्टरलाही सांगा. नाहीतर नवरा-बायकोचा खासगी विनोद होऊन बसतो.

प्रसूतीपूर्व व्यायाम:

एक गफलत आधीच दूर करते, कारण "औषधाशिवाय" ठरवलेल्या बऱ्याच जणी इथे अडतात. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात १० युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते वेदनेसाठी नाही, रक्तस्राव रोखण्यासाठी आहे. त्याला नाही म्हणू नका. तसंच टाके. कातर द्यावी लागली किंवा फाटलं, तर त्या जागी लिग्नोकेन टोचून बधिर करूनच शिवायचं असतं. "आत्ताच बाळ झालंय, एवढं काय" असं कुणी म्हणालं तर थांबवायचं. टोचल्यावर दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची, चिमट्याने दाबून बघायला सांगायचं, दुखलं तर आणखी भूल मागायची. डोकं येताना त्या भागावर कोमट ओल्या कापडाची घडी धरली तर मोठी फाट कमी होते. ही घडी कोण धरणार, ते आधी विचारून ठेवा.

चौतिसावा आठवडा:

शुक्रवारी तपासणी आहे. पट्टा, इंट्राकॅथ, रात्रीचे भूलतज्ज्ञ, पाण्याची इंजेक्शनं, कोमट घडी: पाच प्रश्न वहीत लिहिले. नवरा मघापासून उशीवर तळवे ठेवून पुस्तक मिटतोय. हात कमरेच्या हाडावरच जातात त्याचे.

सोबतीचा माणूस:

चार बोटं खाली घ्यायला सांगा. आणि उशीवर नको, तुमच्यावर करू दे.